नाट्टो सोडलेली बायको

हिताची-ओता
१७ ऑक्टोबर १९७६

फुसाए,

पोचल्याचं कार्ड मिळालं. कार्डावर तीन ओळी, त्यातली एक हवामानाची. आइझुत थंडी लवकर पडली हे मला रेडिओवरही कळलं असतं.

दुसरी ओळ मात्र रेडिओवर कळली नसती. ‘इथे नाट्टो खायला बंदी आहे, मी सोडलं.’ सोडलं! एवढं सोपं असतं होय? या घरात आल्यापासून एक सकाळ अशी गेली नाही की तू वाटीत नाट्टो घोटून, तार सोडवत, गरम भातावर घेतला नाहीस. तापात फणफणलेली असतानासुद्धा खाल्लास. आणि चार दारूवाल्यांनी सांगितलं म्हणून सोडलास.

ठाऊक आहे मला कारण. मी काही अडाणी नाही. तुझ्या त्या जिवाणू तपासायच्या वर्गात सगळी साकेवाल्यांची आणि सोयासॉसवाल्यांची माणसं. आपलं सोयाबीन आंबवून त्याचा तार सुटणारा नाट्टो करणारा जिवाणू त्यांच्या वाफवलेल्या तांदळात शिरला की त्यांचा माल चिकट होऊन वाया जातो. ते आपल्याला घाबरतात. घाबरू देत. पण म्हणून आपणही आपल्या मालाला विटाळ मानायचा का?

तिसरी ओळ मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. ‘बाकावर जोडीला नागुमो नावाचे गृहस्थ आहेत.’ बस. गृहस्थ कसे, कुठले, कितीशा वयाचे, काही नाही. हवामानापेक्षा ते लिहायचं होतंस.

इथे सगळं ठीक. तोमेकाकू नाट्टोच्या पेंढ्याच्या पुड्या बांधते आणि मला बोलते. सहकारी दुकानांचा माणूस पुन्हा येऊन गेला. एप्रिलपासून घरात तपासणीचं प्रमाणपत्र असलेलं माणूस नसेल तर आपला माल घेणार नाहीत, यात बदल नाही. तेव्हा मार्चमध्ये ते घेऊनच ये. खरं तर मीच जाणार होतो, पण माल आंबवायची उबेची खोली सांभाळायला पुरुष माणूस हवा, म्हणून तुला पाठवलं. कोणी विचारलं तर असंच सांग.

हे पत्र उबेच्या खोलीतच लिहितोय. बाकी घर गारठलंय आणि तू नसताना दिवाणखान्यातली शेगडी पेटवायची कुणासाठी? सोयाबीनच्या उलट्या खोक्यावर कागद ठेवलाय. वाफेने जरा दमट झालाय, कुठे एखादी तार लागली असेल तर पुसून घे.

इसामु


६ नोव्हेंबर

फुसाए,

अखेर चार पानं लिहिलीस. अडीच पानं रंगांवर, एक पान नागुमोवर आणि नवऱ्यासाठी तळाला ‘प्रकृतीला जपा’.

रंगांचं मी नीट वाचलं. समजलं का ते बघ. काचपट्टीवर जिवाणूंचा पातळ हात द्यायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा म्हणजे ते चिकटून बसतात. मग जांभळा रंग, त्यावर आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी लाल रंग. धुतल्यावरही ज्याने जांभळा सोडला नाही तो एका जातीचा. ज्याने सोडला त्याच्यावर लाल चढतो, तो दुसऱ्या जातीचा. आपला नाट्टोचा जिवाणू जांभळ्यातला, काड्यांसारखा लांबट. हे वाचून मला बरं वाटलं. तोमेकाकूला सांगितलं तर म्हणाली, “मालकासारखाच आहे म्हणायचा. एकदा धरलं की सोडायचं नाही.”

पण सगळा खेळ त्या अल्कोहोलचा, नाही का? कमी धुतलं तर सगळेच जांभळे दिसणार, जास्त धुतलं तर जांभळ्याचेही लाल होणार. तू जास्त धुतलंस. तुझे हामागुची सर वर्गासमोर म्हणाले, “बाई, हा धुण्याचा पिळा नाही, खळखळून काय धुताय!” इथवर मला हसू आलं. तुझ्या हाताखाली माझे दोन सदरे विरून गेलेत.

मग हसू गेलं. मग म्हणे नागुमो पुढे सरसावला. “तुम्ही नुसती काच तिरपी धरा, थेंब मी सोडतो. थांबा म्हटलं की पाण्याखाली.” आणि काच इतकी स्वच्छ आली की सरांनी ती सगळ्यांना दाखवली. आता रोज तसंच चालतं. तू काच धरतेस, तो थेंब सोडतो.

मी तोमेकाकूला विचारलं, एकाने काच धरायची आणि दुसऱ्याने थेंब सोडायचे तर कोपराला कोपर लागतो का गं? ती म्हणाली, “लागणारच की. पण तुला काय ठाऊक, तू कधी फुसाएच्या बाजूला उभं राहून एक भांडं तरी विसळलंयस?” म्हातारीला पगार मी देतो हे ती विसरते.

आणि दोघांत एकच सूक्ष्मदर्शक. म्हणजे तू डोळा काढतेस आणि तिथेच तो डोळा लावतो. सरकारच्या शाळेला आणखी एक घेता येत नाही? मी वर्गणी काढून देतो.

हा माणूस तुला काय काय शिकवतोय याची यादी तू मोठ्या कौतुकाने दिलीस. मी तुला विरजण लावायला शिकवलं, भट्टीची आच बघायला शिकवलं, त्याची यादी कोणाला पाठवलीस का कधी? जळतोय मी, आता लिहितोच. उबेच्या खोलीत बसूनही एवढं गरम होत नाही.

इसामु

ता.क. त्याला बायको आहे का? आणि डोक्यावर केस आहेत का? दुसरा प्रश्न तोमेकाकूचा आहे.


१ डिसेंबर

फुसाए,

निळी छत्री कोणाची? आपल्या घरात निळी छत्री कधीच नव्हती.

तुला वाटेल मला कसं कळलं. तोमेकाकूचा भाचा कामानिमित्त आइझुला गेला होता, त्याने पाहिलं.

ते खरं नाही. तोमेकाकूला भाचा नाही, हे तुलाच जास्त ठाऊक. मीच आलो होतो.

गेल्या गुरुवारी पहाटेची गाडी धरली, कोरियामाला बदलली आणि दुपारी तुझ्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. बर्फ पडत होतं. हातात फडक्यात बांधलेल्या ताज्या पुड्या होत्या. मला वाटलं, शाळेत नाही तर निदान फाटकाबाहेर उभी राहून तरी एक खाशील. दरवान आधी नुसता बघत होता. मग त्याचं नाक हललं.

“काका, फडक्यात काय आहे?”

“नाट्टो.”

“अहो मागे व्हा! मागे! आणखी मागे! रस्त्याच्या पलीकडे जा!”

“मी काय बाँब आणलाय? आत माझी बायको शिकते. फुसाए नाव. तिचा नवरा आहे मी.”

“नवरा असा नाहीतर आजेसासरे असा. नाट्टोवाला आत गेला तर माझी नोकरी जाईल. तुम्ही उभे होतात तिथे आता उकळतं पाणी ओतावं लागेल मला.”

आणि ओतलं गं त्याने. माझ्यादेखत किटली आणून मी उभा होतो तिथल्या बर्फावर ओतलं. मी तंबाखूच्या दुकानाच्या वळचणीला जाऊन उभा राहिलो.

वर्ग सुटला. तू बाहेर आलीस, पांढऱ्या कोटावर शाल घेऊन, त्याच्या निळ्या छत्रीखाली. तो काहीतरी बोलला आणि तू हसलीस. हसताना तुझा हात तोंडावर जातो, माझ्या आईच्या धाकाने लागलेली सवय आहे ती. त्या दिवशी हात गेला नाही. तोंड उघडं टाकून हसलीस. तुझी डावीकडची दाढ पडली आहे हे मी रस्त्यापलीकडून पाहिलं. ती कधी पडली, हे मला माहीत नव्हतं.

हाक मारली नाही. तू वळून बघितलं असतंस तर हात हलवावा की फडकं लपवावं, हे मला ठरवता येईना. येताना गाडीत सगळ्या पुड्या मी एकट्याने खाल्ल्या. समोरची बाई उठून दुसऱ्या डब्यात गेली.

आणि हो, त्याला केस आहेत. भरपूर आहेत.

इसामु


४ जानेवारी १९७७

फुसाए,

नव्या वर्षाला तू आली नाहीस. येऊन परत गेलीस तर अंगावरून, कपड्यांवरून आपला जिवाणू वर्गात जाईल म्हणून सरांनीच नको म्हटलं, हे तू लिहिलंस. पटतं. तरी सणाच्या सारात, ओझोनीच्या वाटीत, कुटलेल्या चिकट भाताच्या मोचीचा भाकरीएवढा तुकडा घालून मी दोघांचा भाग एकट्याने गिळला आणि तो घशात अडकला. तोमेकाकूने पाठीत बुक्के मारले. जरा जास्तच मारले.

माझ्या डिसेंबरच्या पत्राला तू एवढंच उत्तर दिलंस: ‘छत्री नागुमो-सानची. त्यांची पत्नी वारली आहे.’ मी दोन प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरं देऊन टाकलीस, एखाद्या कचेरीने द्यावीत तशी. छत्रीखाली काय बोललात ते विचारायचं मी विसरलो होतो, म्हणून ते आलं नाही.

सोबत यंदाच्या नव्या भाताचा पेंढा पाठवतोय, चार काड्या फक्त. नव्या वर्षाला दारावर बांधतो त्या पेंढ्याच्या दोरातून काढल्यात. वास घेऊन बघ. फेकून दिलास तरी मला काय कळणार आहे.

इसामु


२१ जानेवारी

फुसाए,

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि अजून उभाच आहे.

तर नागुमोच्या कारखान्यात तुला नोकरी. साके तपासायची खोली, पांढरा कोट, स्वतःचा सूक्ष्मदर्शक, महिन्याला पगार आणि राहायला मागच्या अंगणातलं घर. मार्चमध्ये परीक्षा झाली की लगेच. आणि साकेवाल्याकडे काम करायचं तर नाट्टोला जन्मभर शिवायचं नाही, ही अट. लिहिलंस ते असं लिहिलंस की जणू चपला दाराबाहेर काढायला सांगितल्यात.

नाट्टोला शिवायचं नाही म्हणजे मला शिवायचं नाही. माझ्या नखात नाट्टो आहे, केसात नाट्टो आहे. मला उकळून काढलं तरी जायचा नाही, तूच लिहिलं होतंस की हा जिवाणू उकळत्या पाण्याला भीक घालत नाही. तेव्हा एक तर तो, नाहीतर मी. दोघं एका घरात नांदत नाहीत, हे तुझ्या शास्त्रातच लिहिलंय.

शेवटी लिहितेस, ‘तुम्हाला काय वाटतं?’ आता विचारतेस? काच तिरपी धरताना विचारलं नाहीस. आता निर्लज्जासारखा मी काय सांगू? त्याला केस आहेत, शिक्षण आहे, लांब बोटं आहेत, थेंब मोजून सोडता येतात. माझ्याकडे तोमेकाकू आहे.

जा. खुशाल जा. सहकारी दुकानांचं मी बघेन, नाही जमलं तर भट्टी विझवेन. तू इतके दिवस धुतली गेली आहेस त्या अल्कोहोलात की तुझा मूळचा रंग उरलाय कुठे? पार लाल झालीस.

तोमेकाकू म्हणतेय हे पत्र टाकू नको. म्हणून आताच टाकायला निघालोय.

इसामु


आइझु-वाकामात्सु
८ फेब्रुवारी

अहो,

तुमचं ‘जा’ मिळालं. त्याचं उत्तर नंतर देते. आधी इथे जे घडलं ते वाचा, कारण त्यात तुमचा हात आहे आणि तो शब्दशः आहे.

महिनाअखेरीस आमची सराव-परीक्षा झाली. प्रत्येकाला एक नळी देतात. आत काय आहे ते सांगत नाहीत. वाढवायचं, रंगवायचं, बघायचं आणि ओळखायचं. माझ्या नळीत आखूड लाल जिवाणू असायला हवे होते. मला लाल दिसले, पण त्यांच्यात जांभळ्या काड्याही दिसल्या, काहींच्या पोटात रंग न चढलेला रिकामा ठिपका. मी ओळखलं. तुमच्या घरात आयुष्य गेलंय, नाही कसं ओळखणार? पण सरांनी दिलेल्या नळीत ते नव्हतेच. सरांनी मला नापास केलं. पुन्हा नळी दिली, पुन्हा तेच. माझ्याबरोबर बाजूच्या बाकावरच्या दोघांचंही बिघडलं.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, खरं सांगा. चोरून नाट्टो खाता ना?”

मी नाही म्हटलं. कोणी विश्वास ठेवला नाही. वसतिगृहात माझ्या गादीखाली शोधून झालं. जेवताना माझ्याजवळ कोणी बसेना. ज्या वस्तूसाठी सकाळी उठल्यावर अजूनही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ती न खाता मी चोर ठरले. त्याच दिवशी तुमचं ‘पार लाल झालीस’ आलं. कोटाच्या खिशात ठेवलं आणि कामाला लागले.

मग नागुमो-सान बोलले. तुम्हाला आवडणार नाही, पण तेच बोलले. म्हणाले, “सर, बाईंच्या कोटाचा उजवा खिसा बघा. प्रत्येक काच ज्योतीवर धरण्याआधी यांचा हात तिथे जातो. पहिल्या दिवसापासून बघतोय.”

मला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. खिशात तुमची सगळी पत्रं होती, ऑक्टोबरपासूनची. पेंढ्याच्या त्या चार काड्याही होत्या.

सरांनी एका पत्राचा कोरा कोपरा कापला आणि वाढवायला ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी सुरकुतलेली साय आली आणि सळईने उचलली तर हातभर तार. मग सर म्हणाले, आता आलंच आहे तर सगळ्यांनी रंगवा. तेव्हा इसामु-सान, अख्ख्या वर्गाने तुम्हाला धुऊन पाहिलं. सगळ्यांच्या काचेवर जांभळ्या काड्या. माझा थेंब मीच सोडला. कोणाचं बोट लागलं नाही, वेळ चुकली नाही. सर म्हणाले, “उबेच्या खोलीत बसून पत्रं लिहिणारा हा पहिलाच माणूस बघतोय. पण माल चोख आहे.” तुम्हाला हे आवडेल म्हणून लिहिलं.

पत्रं आणि पेंढा दाबाच्या वाफेत घालावा लागला. बाहेर आला तो नुसता लगदा. मला फारसं अडणार नाही, सगळी पाठ आहेत, टोमण्यांसकट.

आता ते दुसरं. तुम्ही इतके प्रश्न विचारलेत, एक विचारला नाहीत. तो मीच विचारून उत्तर देते. हो, मला इथे आवडतं. नागुमो-सान भले आहेत. ते तसं काही बोललेले नाहीत आणि बोलले असते तर मी काय केलं असतं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. छत्रीखाली ते विचारत होते की नाट्टो घोटताना मोहरी आधी घालायची की नंतर. साकेवाल्याच्या घरात जन्मल्यामुळे त्यांनी आयुष्यात खाल्लेला नाही. मी सांगत होते आणि ते ऐकत होते. एवढंच, पण ऐकत होते. दाढ गेल्या वसंतात पडली. मी जेवताना तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होतात.

नोकरीचं उत्तर मला मुख्य परीक्षेआधी द्यायचंय. तुमचं ‘जा’ खरं असेल तर मी राहीन. रडणार नाही, पगार चांगला आहे. ते खरं नसेल तर तसं सांगा. पण आता तुमचं पत्र माझ्या हाती देता येणार नाही, सरांची सक्त ताकीद आहे. कळवायचंच असेल तर तुमचा हात न लागलेला कागद पाठवा.

फुसाए


हिताची-ओता, टपाल कचेरी
१४ फेब्रुवारी

फुसाएताई,

मी इकुको, टपाल खिडकीवरची. कागद कचेरीचा, पेन माझं, अक्षर माझं. मी नाट्टो खात नाही, मला लहानपणापासून वास सहन होत नाही. तुमचे यजमान सार्वजनिक स्नानगृहात आंघोळ करून, दुसऱ्याचे कपडे घालून आलेत आणि दारापाशी हात पाठीमागे बांधून उभे आहेत. तिथून ओरडून सांगतायत, मी लिहितेय. खिडकीपुढे रांग आहे. आता पुढचं त्यांचं.

फुसाए. ऐकू येतंय का? म्हणजे वाचता येतंय का?

जा म्हटलं ते खरं नव्हतं. (इथे थांबले. मी म्हटलं, काका, लवकर, पार्सलवाले खोळंबलेत.)

ते खरं नव्हतं. मी जळत होतो. नागुमोवर जळत होतो असं मला वाटत होतं. तेवढंच नाही. इकुको, हे लिहू नको. नाही, लिही. त्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला आम्ही दोघं बसलो होतो. ही पास झाली, मी नापास. उबेची खोली सांभाळायला मागे राहिलो हे खोटं आहे. फुसाएने गावात कोणाला सांगितलं नाही, म्हणून मी आजवर तिच्यावरच गुरगुरत आलो. (रांगेतले सगळे आता कान लावून ऐकतायत, ताई. तोफुवाले काका म्हणाले, “आम्हाला ठाऊक होतं रे, निकाल फळ्यावर लागला होता.” तुमचे यजमान म्हणाले, “मग बोलला का नाहीस?” ते म्हणाले, “तू मारशील म्हणून.”)

लिही. मला तुझ्या शिक्षणाचा हेवा वाटतो. तू काचेतून जे बघतेस ते मी जन्मभर हाताळलं आणि कधी पाहिलं नाही. त्या नागुमोने माझा जिवाणू माझ्याआधी पाहिला, याचाही हेवा वाटतो. हा तर फारच वाटतो.

मोहरी नंतर घालायची, आधी नाही, हे त्याला सांगितलंस ना नीट? (हे लिहू का विचारलं, लिही म्हणाले.)

तुझी दाढ पडली ते मी ऐकलं नाही. आता पुढे काही पडलं तर ऐकेन. (रांगेतल्या एक आजी हसल्या. तुमच्या तोमेकाकूच आहेत, मुद्दाम बघायला आल्यात.)

शेवटचं. तुला तिथे आवडत असेल तर राहा, हे मला म्हणायला हवं. चांगला नवरा म्हणाला असता. मला नाही म्हणवत. मला तू इथे हवी आहेस. तू पत्रं खिशात ठेवलीस हे वाचल्यापासून मला धड जेवण जात नाहीये. माझं सगळं लिहिणं शिव्याशापांचं आणि ते घेऊन तू ज्योतीपाशी उभी राहिलीस. परीक्षा होईपर्यंत मी गप्प बसेन, एक ओळ पाठवणार नाही. तू पास हो. माझ्या मालामुळे नापास होऊ नकोस.

इसामु

(ताई, सही माझ्याच हातची. जाताना त्यांनी तिकीट चिकटवायला जीभ बाहेर काढली होती, मी वेळेवर ओढून घेतलं. इकुको)


आइझु-वाकामात्सु
१६ मार्च
(पोस्टकार्ड)

अहो,

पास झाले. नळीत लाल गोल होते, जोडीजोडीने, आणि त्यांच्यात एकही काडी नव्हती. कोट, वह्या, केस, सगळं तपासून दिलं होतं.

तपासणीची खोली आता घरात करावी लागेल. न्हाणीशेजारची रिकामी करा. तिथे तुम्ही विचारून आणि हात धुऊन यायचं. सूक्ष्मदर्शक हप्त्याने मिळतो, मी चौकशी केली आहे. पहिली काच तुम्हालाच दाखवीन.

नागुमो-सानना नोकरीला नाही म्हटलं. ते म्हणाले, मग एकदा नाट्टो खाऊन बघायला हवा होता. मी म्हटलं, तुमच्या घरात नको.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते. फाटकावरचा दरवान तिथल्या स्टेशनावर नाही, तेव्हा फलाटापर्यंत बिनधास्त या. येताना एक ताजी पुडी आणा, आणि जेवायच्या काड्या, आणि मोहरी. मी घरापर्यंत थांबणार नाही.

फुसाए